ब्राह्मी म्हणण्याआधी फूल पाहा

जानेवारी सरत आला की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे पालक येऊ लागतात. एक, ताकदीच्या टॉनिकची बाटली लिहून मागणारे. आणि दुसरे, खिशातून प्लॅस्टिकची पुडी काढून टेबलावर ठेवणारे. पुडीत ओलसर, हिरवी, गोलसर पाने असतात. "डाक्टरसायेब, पोरीसाठी ब्राह्मी आनली. बारावी हाये यंदा. किती द्याची तेवढं सांगून द्या," असा सवाल असतो. द्यावी की न द्यावी, हा प्रश्न त्यांनी घरीच निकालात काढलेला असतो. डॉक्टरांनी फक्त चमचे मोजायचे!

मूर्तिजापूर हे अमरावती आणि अकोल्याच्या मधले गाव. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांतल्या पुड्या माझ्या टेबलावर येतात. कोणी नालीकाठून आणतो, कोणी शेततळ्याच्या कडेवरून, कोणी नर्सरीतल्या कुंडीतून. पुडी सोडून नीट पाहायची सवय मी लावून घेतली आहे. 'ब्राह्मी' या एकाच नावाखाली आजपर्यंत निदान चार वेगवेगळ्या वनस्पती माझ्यापुढे आल्या आहेत. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण माणसांसाठी आहे, पण झाडपाल्यालाही ती चपखल लागू पडते. म्हणून आज औषध किती घ्यावे हे बाजूला ठेवून, हातात आहे ती वनस्पती कोणती, हे कसे ओळखावे याचा विचार करू.

एक नाव, दोन वनस्पती

सर्वांत मोठा घोटाळा नावातच आहे. आयुर्वेदात ब्राह्मी आणि मंडूकपर्णी अशा दोन वनस्पती सांगितल्या आहेत. भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधीकोशातही त्यांच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. ब्राह्मी म्हणजे शास्त्रीय नावाने बॅकोपा मोनिएरी. हिलाच जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी म्हणतात. मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. मंडूक म्हणजे बेडूक. जिचे पान बेडकाच्या पावलासारखे दिसते ती मंडूकपर्णी. महाराष्ट्रात हिला कारिवणा असेही नाव आहे, तर कोकणात काही ठिकाणी एकपानी म्हणतात. कन्नड भाषेतले 'ओंदेलग' हे नावही तेच सांगते: एका देठाला एकच पान.

गंमत अशी, की महाराष्ट्रात आपण सर्रास ब्राह्मी म्हणून ओळखतो ती बहुधा ही दुसरी, म्हणजे मंडूकपर्णी असते. बंगालकडे ब्राह्मी म्हटले की लोक बॅकोपा आणून देतात. म्हणजे नातेवाइकाने पत्रात किंवा हल्ली मोबाईलवर 'ब्राह्मी दे' असे कळवले, तर कोलकात्यात एक झाड मिळेल आणि अमरावतीत दुसरे. दोन्ही आयुर्वेदाने मेध्य, म्हणजे बुद्धीला हितकर मानलेल्या आहेत हे खरे. पण त्यांचे कुळ वेगळे, अंगचे रासायनिक घटक वेगळे आणि त्यांवर झालेले आधुनिक प्रयोगही वेगळे.

पान फसवते, फूल सांगते

मंडूकपर्णी ही चक्क गाजराच्या कुळातली वनस्पती आहे, असे सांगितले की लोक माझ्याकडे संशयाने पाहतात. गाजराचे पान बारीक चिरलेल्या पिसासारखे, आणि हिचे पान तर अख्खे, गोल! मग नाते कुठले?

हे नाते पानात नाही, फुलात आणि फळात आहे. आपल्या वऱ्हाडात ज्याला सांबार म्हणतात त्या कोथिंबिरीचे झाड वाफ्यात जून होऊ द्या. त्याला फुले येतात तेव्हा एकाच जागेवरून छत्रीच्या काड्यांसारखे बारीक देठ निघतात आणि प्रत्येकाच्या टोकाला फुले असतात. धने, जिरे, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर आणि ज्याच्यापासून हिंग मिळतो ते झाड, या सर्वांची फुले अशीच छत्रीसारख्या गुच्छात येतात. म्हणून या कुळाचे जुने नाव अंबेलिफेरी. मराठी पुस्तकांत त्याला चामरकुल म्हणतात आणि आजचे शास्त्रीय नाव आहे एपिएसी. दुसरी खूण फळाची. धन्याचा दाणा बोटांनी दाबला की त्याचे सारखे दोन भाग होतात. मंडूकपर्णीचे चिमुकले, चपटे फळही असेच दोन जुळ्या भागांचे असते.

पानावरून नाते ठरवले तर काय होते, याचे उदाहरण आपल्या प्रत्येक धुऱ्यावर उभे आहे. गाजरगवत! पान गाजरासारखे, म्हणून नाव गाजरगवत. पण ते गाजराच्या कुळातले मुळीच नाही. ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे देशभर ते पसरले. त्याने होणारी अंगाची खाज आणि दमा तर आमच्या दवाखान्यातला रोजचा विषय. म्हणजे पाहा, जे गाजरासारखे दिसते ते गाजराचे नव्हे आणि जे दिसत नाही ते गाजराचे सख्खे! दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ते असे.

कुळ कळले म्हणजे काम संपले असेही नाही. आपल्या फोडणीत रोज पडणारे जिरे ज्या कुळातले, त्याच कुळात कोनियम नावाची जहाल विषारी वनस्पतीही आहे. इ. स. पूर्व ३९९ मध्ये अथेन्समध्ये सॉक्रेटिसाला दिलेला विषाचा प्याला याच वनस्पतीचा होता, असे मानले जाते. ते झाड आपल्या वऱ्हाडातले नाही, तेव्हा घाबरू नका. मुद्दा एवढाच, की 'साधारण तसेच दिसते' हे वाक्य औषधाच्या बाबतीत चालत नाही.

ओळखायची कशी?

मंडूकपर्णीची ओळख पटवायला फार मोठी विद्या लागत नाही. एक साधे भिंग आणि पाच मिनिटांचा धीर पुरे. पुढील पाच खुणा क्रमाने पाहाव्यात.

पहिली खूण, वेलाची. ही जमिनीलगत सरपटते. बारीक, बहुधा तांबूस छटेचे धावते खोड निघते आणि त्याच्या प्रत्येक पेरापाशी खाली मुळे व वर पाने फुटतात. उपटू गेल्यास एकटे रोप येत नाही, मागे दोरीसारखी माळ येते.

दुसरी, पानाची. पान साधारण २ ते ५ सेंटीमीटर रुंद, मूत्रपिंडाच्या किंवा घोड्याच्या नालेच्या आकाराचे, देठाच्या बाजूला खोल खाच असलेले. कडा गुळगुळीत नसते. गोलसर दात्यांची, जणू करंजीच्या मुरडीसारखी असते.

तिसरी, देठाची. देठ लांब असतो आणि पानाला नेमका त्या खाचेत जोडलेला असतो. तिथूनच पाच ते सात शिरा पंख्यासारख्या पसरतात. देठ पानाच्या मध्यावर, छत्रीच्या दांड्यासारखा जोडलेला दिसला तर ती मंडूकपर्णी नव्हे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, फुलाची. हे फूल सहज दिसत नाही. पानांचे छत बोटाने बाजूला करून जमिनीलगत पाहावे लागते. आखूड दांडीवर तीन ते पाच अगदी बारकी, गुलाबी-जांभळट फुले एकत्र येतात. मोहरीच्या दाण्याएवढा हा पसारा, पण भिंगातून पाहिल्यास कोथिंबिरीशी नाते लगेच कळते. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: मंडूकपर्णीला पिवळे फूल कधीही येत नाही.

पाचवी, फळाची. तीन-चार मिलिमीटरचे, बाजूंनी चपटे, उभ्या-आडव्या शिरांच्या जाळीचे, दोन जुळ्या भागांचे फळ.

आता खरी ब्राह्मी, म्हणजे बॅकोपा पाहा. तिच्यात यातले जवळजवळ काहीच नाही. पाने लहान, एक-दोन सेंटीमीटरची, जाडसर, मांसल, लांबट. देठ जवळजवळ नसतोच. आणि खोडावर ती समोरासमोर जोडीने येतात. फूल पानाच्या बगलेत एकेकटे, पांढरे किंवा फिकट जांभळे, पाच पाकळ्यांचे. पाणथळ जागी, पाण्याच्या कडेला ती पसरते. पान चावल्यास कडूजहर लागते. ही एकदा शेजारी ठेवून पाहिली, की पुन्हा आयुष्यात दोघींची गल्लत होणार नाही.

आपल्याकडची तोतये

मंडूकपर्णीला सावली आणि कायम ओल लागते. आपल्या उन्हात भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत ती आपोआप भरघोस उगवलेली सापडेल, असा संभव कमी. म्हणूनच वावरातून आणलेल्या 'ब्राह्मी'कडे मी दोनदा पाहतो.

तिथे सापडते ती बहुधा उंदीरकानी. पावसाचे पाणी आटलेल्या जागी, काळ्या मातीत ही जमिनीसरशी पसरते. पान मूत्रपिंडाच्याच आकाराचे, कडेला दाते, पेरांना मुळे. नवख्या माणसाने फसावे अशी हुबेहूब नक्कल. पण हिचे कुळ रताळ्याचे, आणि फूल पिवळे, छोट्या घंटेसारखे. पिवळे फूल दिसले की निकाल लागला.

दुसरे तोतये नर्सरीत भेटते. काचेच्या भांड्यात शोभेसाठी ठेवतात ते गोल, चकचकीत, नाण्यासारख्या पानांचे रोप. काही विक्रेते तेही ब्राह्मी म्हणून देतात. त्याचे पान उलटून पाहा. देठ मधोमध जोडलेला असतो, खाच नसते. हे हायड्रोकोटाइल. गंमत म्हणजे कार्ल लिनियसने १७५३ साली मंडूकपर्णीलाही याच गोतात घातले होते. १८७९ साली उर्बान या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला सेंटेला या गोतात आणले. पुढे हायड्रोकोटाइललाच गाजराच्या कुळातून बाहेर काढण्यात आले. तज्ज्ञांनाही शतकभर विचार करावा लागला, तिथे नर्सरीवाल्याला काय दोष द्यावा!

तिसरी आंबुशी. हिला एका देठावर तीन पाने असतात, चव आंबट आणि फूल पिवळे. गोंधळ व्हायचे कारण नाही, तरी घाईत उपटलेल्या जुडीत ती मिसळून येते.

वाळलेली पाने किंवा भुकटी मात्र नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कोणालाच शक्य नाही. तिथे फूलही नसते आणि देठही. अशी सुटी भुकटी बाजारातून घेऊ नये. घ्यायचीच तर वेष्टनावर परवाना क्रमांक आणि वनस्पतीचे शास्त्रीय नाव, म्हणजे बॅकोपा की सेंटेला, छापलेले आहे का ते वाचून घ्यावी.

एका मुलाची गोष्ट

आता हा सारा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका खेड्यातला अकरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला गेला. त्याला फिट येण्याचा, म्हणजे अपस्माराचा आजार होता. व्हॅल्प्रोएटची गोळी रोज दोन वेळा चालू होती आणि चौदा महिन्यांत त्याला एकही फिट आलेली नव्हती. गोळीने पोरगा मंद होईल, अभ्यासात मागे पडेल, ही भीती घरच्यांच्या मनात होती. तेवढ्यात कोणा पाहुण्याने सल्ला दिला, की गोळ्या बंद करा आणि ब्राह्मीचा रस पाजा. डोकेही शांत राहील आणि बुद्धीही वाढेल. शेततळ्याकाठची 'ब्राह्मी' रोज सकाळी वाटून दिली जाऊ लागली. गोळी एका दिवसात बंद झाली.

नवव्या दिवशी फिट सुरू झाली ती थांबेचना. बैलगाडी नाही की आजकालचा खड्ड्यांचा रस्ता नाही, शेजाऱ्याच्या गाडीतून आणले तरी वीस मिनिटे गेली होती. ओठ निळे पडले होते. इंजेक्शन देऊन, ऑक्सिजन लावून १०८ च्या गाडीने त्याला अकोल्याला शासकीय रुग्णालयात पाठवले. पोरगा वाचला, हे त्याचे आणि तिथल्या डॉक्टरांचे श्रेय.

आठवड्याने त्याची आई भेटायला आली, तेव्हा मी ती वनस्पती पाहायला मागितली. पुडीत पिवळी फुले होती. उंदीरकानी. "पानं तं तशीच व्हती, डाक्टरसायेब," ती माउली म्हणाली आणि रडू लागली. मी तिला एवढेच सांगितले, की बाई, पाने खरोखरच तशीच होती, तुझी नजर चुकली नाही. आणि समजा ती अस्सल मंडूकपर्णी असती, अगदी अस्सल ब्राह्मी असती, तरीही हेच झाले असते. कारण फिट आली ती चुकीच्या पाल्याने नाही, गोळी बंद केल्याने.

फिटची गोळी अचानक बंद करणे म्हणजे धरणाची दारे एकाएकी उघडणे. गोळी कमी करायची की नाही, केव्हा आणि किती टप्प्यांनी, हे फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे. मुलगा सुस्त वाटतो, चिडतो, अभ्यासात मागे पडतो असे वाटले तर तसे सांगा. मात्रा बदलता येते, औषध बदलता येते. पण मनाने बंद करू नका. आणि घरात कोणाला फिट आलीच तर त्याला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, पाणी पाजू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

नालीकाठची ब्राह्मी

काही वाचक म्हणतील, आमची ब्राह्मी अस्सल आहे, फूल पाहूनच आणली. ठीक. पण आणली कुठून? ओल आवडणारी ही वेल सांडपाण्याच्या नालीकाठी, मोरीच्या तोंडाशी मजेत वाढते. अकोल्याची मोर्णा नदी जलकुंभीने आणि सांडपाण्याने कशी भरली होती आणि २०१८ साली लोकांनी नदीत उतरून ती कशी साफ केली, हे सर्वांना आठवत असेल. आपल्या बहुतेक गावांत सांडपाणी शेवटी नाल्यात किंवा नदीतच जाते. अशा काठावरची पाने कच्ची वाटून पिणे म्हणजे विषमज्वर, कावीळ, आमांश आणि जंत यांना घरी बोलावणे. ही वनस्पती मातीतले शिसे, कॅडमियम असे जड धातूही शोषून घेते आणि ते तर धुऊनही जात नाहीत.

यातला एक धोका विशेष सांगण्यासारखा आहे. डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात जाणारा पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म, ज्याच्या पोटात आहे त्याच्या शौचातून त्या कृमीची अंडी बाहेर पडतात. ती सांडपाण्यातून पाल्यावर येतात. असा पाला कच्चा खाल्ला की अंड्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे थेट मेंदूत जाऊन गाठी करू शकतात. मग फिट येतात. आयुष्यात मांसाला न शिवलेल्या शाकाहारी माणसालाही हे होते, कारण रोग मांसातून नाही, घाणीतून आलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हा कृमी जिथे ठाण मांडून आहे, अशा अनेक भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असते. विचार करा, मेंदूच्या बळासाठी प्यायलेल्या रसातून मेंदूचा आजार!

ब्राह्मीने बुद्धी वाढते का?

मी एमबीबीएस. आयुर्वेदाचा अभ्यास माझा नव्हे, आणि ज्याचा अभ्यास नाही त्याची टिंगल करण्याची मला सवय नाही. चरकसंहितेत मेध्य रसायने म्हणून चार सांगितली आहेत: मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. तमिळनाडूत, श्रीलंकेत मंडूकपर्णीची भाजी-कोशिंबीर करून खातात. जखम भरून येण्यासाठी तिच्यातील घटकांची मलमे आज जगभर वापरली जातात. मादागास्करमध्ये गेल्या शतकात तिच्यातल्या एशियाटिकोसाइड या घटकाचा अभ्यास झाला तो कुष्ठरोगाच्या जखमांसाठीच. अमरावतीला १९४६ साली दाजीसाहेब पटवर्धनांनी तपोवन उभे केले, त्या काळी कुष्ठरोगावर औषधे किती तुटपुंजी होती हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. तेव्हा वनस्पती निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही.

पण स्मरणशक्तीचे काय? खऱ्या ब्राह्मीच्या, म्हणजे बॅकोपाच्या प्रमाणित अर्कावर प्रौढांमध्ये जे प्रयोग झाले, त्यांतल्या काहींत सुमारे १२ आठवडे रोज घेतल्यावर आठवण्याच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली. सोबत मळमळ, पोटात कळ, जुलाब असे त्रासही दिसले. मंडूकपर्णीवरील प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात बुद्धीच्या चाचण्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे परीक्षेच्या आधी तीन आठवडे पाजलेल्या रसाने पोरगी मेरिटमध्ये येईल, ही आशा सोडलेली बरी. दुसरीकडे, अर्जेंटिनातून २००५ साली तीन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध झाली. सेंटेला काही आठवडे घेतल्यावर त्यांना कावीळ झाली आणि औषध थांबवल्यावर त्या बऱ्या झाल्या. असे क्वचित घडते. पण यकृताचा आजार असणाऱ्यांनी, गरोदर बायांनी, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

केसांना लावायच्या ब्राह्मी तेलाबद्दलही विचारतात. खुशाल लावा. डोक्याला गार वाटेल, आईच्या हाताने चोळले तर झोपही छान लागेल. फक्त ते कवटी भेदून मेंदूत जाईल, असे समजू नका.

मग करावे काय?

मुलाच्या ध्यानात राहत नाही म्हणून आणतात, तेव्हा मी आधी साध्या गोष्टी पाहतो. हिमोग्लोबिन किती आहे? वऱ्हाडातल्या मुलींमध्ये रक्त कमी असणे फार आढळते, आणि रक्त कमी असेल तर वाचलेले डोक्यात शिरत नाही. शाळेत लोहाच्या आणि जंताच्या गोळ्या मिळतात, त्या मुले घेतात की दप्तरात ठेवतात? फळ्यावरचे दिसते का, की चष्मा लागला आहे? रात्री झोप किती? सकाळी उपाशी जातो का? मोठ्या माणसांना विसर पडत असेल तर थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, साखर आणि मनाची उदासी तपासायला हवी. यातल्या बहुतेक गोष्टींवर नेमका इलाज आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून नालीकाठी पाला शोधण्याची गरज नाही.

तरीही मंडूकपर्णी हवीच असेल तर ती घरी लावा. कुंडी अर्ध्या सावलीत ठेवा, मुळे फुटलेले एक पेर मातीत दाबा आणि माती ओली राहू द्या. खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी खारट बोअरचे पाणी टाळून पिण्याचे पाणी घालावे. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तिला न्हाणीघराच्या आडोशाला न्या. मात्र साबणाचे सांडपाणी देऊ नका. मेळघाटच्या राखीव जंगलातून उपटून आणण्याचा विचारही करू नका, तो गुन्हा आहे.

पहिले रोप कुठून आणावे, असे विचाराल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींचे नागार्जुन उद्यान आहे, तिथे चौकशी करावी. आणि आणलेल्या वनस्पतीबद्दल शंका असेल तर फूल, फळ आणि मुळासकट तिचा तुकडा वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवा. कुठून आणली, कोणत्या दिवशी, फुलाचा रंग कोणता, हे चिठ्ठीवर लिहा, कारण वाळल्यावर रंग उडतो. मग जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा अमरावतीच्या आयुर्वेद महाविद्यालयात दाखवा. तिथली प्राध्यापक मंडळी आनंदाने सांगतात, असा माझा अनुभव आहे. ओळख पटल्यावर घ्यायची की नाही आणि किती, हे शिकलेल्या वैद्यांना विचारा; आणि चालू असलेल्या गोळ्यांची पट्टी सोबत न्यायला विसरू नका.

तोपर्यंत दारातल्या कुंडीतली पाने बाजूला करून, भिंग घेऊन, ते मोहरीएवढे जांभळट फूल मुलांना जरूर दाखवा. नीट पाहण्याची सवय लागली, तर ती त्यांच्या अभ्यासालाही उपयोगी पडेल.